बिऱ्हाड बदललं, कट्टा हरवला

इंटरनेटची कंपनी बदलायची म्हटलं तर आज फार काही करावं लागत नाही. नव्या कंपनीचा माणूस येतो, भिंतीला डबा लावतो, वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि जातो. तुमची ई-मेल, तुमचे फोटो, तुमच्या गप्पा सगळं जिथल्या तिथे असतं, कारण त्यांचा आणि त्या वायरीचा काही संबंध नसतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी असं नव्हतं मंडळी. तेव्हा कंपनी बदलली की ई-मेलचा पत्ता जायचा. तो जाणार हे निदान आधी माहीत तरी असायचं. दुसरी एक गोष्ट मात्र न सांगता जायची आणि ती गेल्याचं दोन-तीन दिवसांनी लक्षात यायचं. ती म्हणजे न्यूजग्रूप.

न्यूजग्रूप काय असतात हे आता समजावून सांगावं लागतं, तेव्हा थोडक्यात सांगतो. नावात 'न्यूज' असलं तरी तिथे बातम्या नसत. प्रत्येक विषयाचा एक ग्रूप. त्यात कुणीही लिहावं, जगातल्या दुसऱ्या कुणीही उत्तर द्यावं आणि बाकीच्यांनी आपापल्या सवडीने वाचावं. अशा हजारो ग्रूपच्या जाळ्याला यूजनेट म्हणत. त्याला मालक नव्हता, मुख्य कचेरी नव्हती, वर्गणी नव्हती. गावच्या पारासारखा प्रकार. पण पारावर जाऊन बसायला कुणाच्या घरातून जावं लागत नाही, इथे जावं लागायचं. ते घर कुणाचं आणि दार कोण उघडणार, हा या जाळ्याच्या इतिहासातला मोठा प्रश्न आहे, आणि मी आज त्या दाराविषयीच लिहिणार आहे.

सुरुवात १९७९ सालची, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली. ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन पदवीनंतरचं शिक्षण घेणारे विद्यार्थी होते. संरक्षण खात्याच्या पैशांवर चालणारं अर्पानेट तेव्हा होतं, पण ते ज्यांच्याकडे सरकारी संशोधनाची कामं होती अशा मोजक्या संस्थांसाठी. ड्यूककडे ते नव्हतं. मात्र यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर यूयूसीपी नावाची एक सोय आली होती. एका संगणकाने मोडेमवरून दुसऱ्याला फोन लावायचा आणि फायली द्यायच्या-घ्यायच्या, एवढंच तिचं काम. या दोघांना वाटलं, हिच्यावरच संदेशांची देवाणघेवाण करू. जवळच चॅपेल हिल इथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ आहे. तिथल्या स्टीव्ह बेलोविनने पहिला प्रोग्रॅम लिहिला, तोही साधी शेल स्क्रिप्ट. पहिली तीन घरं म्हणजे ड्यूक, चॅपेल हिल आणि ड्यूकच्याच वैद्यकीय शाखेतला शरीरक्रियाशास्त्राचा विभाग. जानेवारी १९८० मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी यूनिक्सवाल्यांची परिषद भरली, तिथे त्यांनी इतरांनाही आमंत्रण दिलं. याला 'गरिबाचं अर्पानेट' म्हणत. नाव अगदी बरोबर होतं.

याची रचना मला आजही सुंदर वाटते. मध्ये बसलेला मोठा संगणक कुठेच नाही. प्रत्येक यंत्राकडे सगळ्या लेखांची आपली प्रत. रात्री फोनचे दर उतरले की एका यंत्राने शेजाऱ्याला फोन लावायचा आणि विचारायचं, माझ्याकडे हे हे आलंय, तुझ्याकडे नसेल ते घे. शेजारी पुढे त्याच्या शेजाऱ्याला देणार. प्रत्येक लेखावर जगात दुसऱ्या कशावरही नसेल असा एक ओळखक्रमांक, म्हणजे तोच लेख दोनदा यायची भीती नाही. शिवाय लेख कुठून कुठून फिरत आला याची यादी त्याच्या माथ्यावर, म्हणजे जिथून आला तिथेच परत पाठवायची भानगड नाही. चाळीत एकच दिवाळी अंक बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून फिरतो तसं हे. फरक इतकाच, की इथे प्रत्येक बिऱ्हाड अंक पुढे देण्याआधी त्याची नक्कल ठेवून घेत होतं.

'फुकट' हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. लांब पल्ल्याच्या फोनची बिलं कुणीतरी भरतच होतं. बेल लॅब्ज, डिजिटल इक्विपमेंट अशा मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांनी हा भार बराच उचलला. तिथल्या इंजिनियर मंडळींना ते हवं होतं आणि वरच्या साहेबांनी एकतर पाहिलं नाही किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. यूजनेटची पहिली काही वर्षं अशी दुसऱ्याच्या ओसरीवर, यजमानाच्या मर्जीने गेली.

फेब्रुवारी १९८६ मध्ये एक बदल झाला, आणि पुढची कटकट त्यातूनच निघाली. ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी एनएनटीपी नावाची पद्धत नियम म्हणून लिहून काढली. तोवर लेख वाचायचे तर ज्या यंत्रावर ते उतरले त्याच यंत्रावर बसावं लागे. आता विद्यापीठात एक न्यूज सर्व्हर ठेवला की आवारातल्या कुठल्याही संगणकावरून त्याच्याकडे लेख मागता येऊ लागले. सोय मोठी होती, पण लगेच प्रश्न आला, की मागणाऱ्यातल्या कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही? त्याचं सोपं उत्तर शोधलं गेलं. मागणारा संगणक आपल्या आवारातला आहे का, हे त्याच्या पत्त्यावरून बघायचं. असेल तर या, नसेल तर राम राम. नाव नाही, पासवर्ड नाही. तुम्ही कोण यापेक्षा तुम्ही कुठून आलात, यावर प्रवेश.

मी १९९२ साली शिकायला अमेरिकेत आलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. लॅबमध्ये काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची आणि त्यात सॉक.कल्चर.इंडियन नावाचा एक ग्रूप होता, एवढंच पुष्कळ होतं. ग्रूपची ही अशी नावं १९८६-८७ च्या मोठ्या नामांतरातून आली. संगणकाचे ते कॉम्प, विज्ञानाचे ते साय, करमणुकीचे ते रेक, समाज-संस्कृतीचे ते सॉक. हे नियम ज्यांना जाचले त्यांनी १९८७ मध्ये आल्ट नावाची वेगळी चूल मांडली, जिथे ग्रूप काढायला कुणाला विचारावं लागत नसे. (आल्टची आठवण ठेवा, पुढे लागेल.)

नव्वदच्या दशकात सॉक.कल्चर.इंडियन.मराठी हा आपला स्वतंत्र ग्रूप झाला. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. त्याआधी तिथे आयआयटी, मुंबईची एनसीएसटी अशा थोड्या संस्थांनाच जोडणी होती. त्यामुळे सुरुवातीला कट्ट्यावर भेटणारे बहुतेक जण देशाबाहेरचे, त्यातही विद्यार्थी किंवा नुकतेच नोकरीला लागलेले. विषय काय, तर भारतातला मिक्सर ११० व्होल्टवर चालेल का, इथल्या पिठाची पोळी वातड का होते, पुलंचं अमुक वाक्य नक्की कुठल्या पुस्तकातलं, आणि 'मी आलेलो' हे मराठी आहे की नाही. शेवटच्या प्रश्नावर आठवडेच्या आठवडे हाणामारी चाले.

आणि हे सगळं रोमन लिपीत बरं का. देवनागरी पडद्यावर उमटायची सोयच नव्हती. 'आई' लिहिताना कुणी एक 'ए' घाली तर कुणी दोन, आणि 'ळ' चं काय करायचं यावर तर प्रत्येकाचं स्वतंत्र मत. या अडचणीतून एक चांगली गोष्टही निघाली. अविनाश चोपडे यांचं आयट्रान्स १९९१ पासून उपलब्ध होतं. त्यात रोमन अक्षरं ठरावीक नियमाने लिहिली की कागदावर देवनागरी छापता येई. रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क या ग्रूपवरच्या मंडळींनी त्याच पद्धतीने हिंदी चित्रपटगीतांचा मोठा संग्रह उभा केला. गाणं आठवून लिहिणारा एका खंडात, चूक दाखवणारा दुसऱ्या, आणि पैसे कुणालाच नाहीत. आज सहज सापडणाऱ्या कित्येक गाण्यांच्या शब्दांचं मूळ त्या संग्रहात आहे.

शिक्षण संपून नोकरी लागली की विद्यापीठाचं दार बंद. पण सुदैवाने नेमक्या त्याच काळात, १९९५-९६ च्या सुमारास, घरोघरी डायल-अप इंटरनेट येत होतं. महिन्याला वीस डॉलरच्या आसपास द्यायचे, त्यात फोनवरून जोडणी, एक ई-मेलचा पत्ता, स्वतःचं पान टाकायला थोडी जागा आणि न्यूजग्रूप. हे चौथं कलम इतकं गृहीत होतं, की जाहिरातीत ते सगळ्यात शेवटी यायचं. कंपनीचा एक न्यूज सर्व्हर असे. त्याचं नाव आपल्या प्रोग्रॅममध्ये घातलं की झालं. पासवर्ड बहुतेक ठिकाणी नसेच, कारण पद्धत तीच जुनी विद्यापीठाची. आमच्या फोन नंबरवरून आलात, म्हणजे आमचे. या, बसा.

आता कंपनी बदलल्यावर काय होत असेल ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी २००१ साली डायल-अप सोडून केबलचं इंटरनेट घेतलं. वेग वाढला, फोनची लाइन मोकळी झाली, घरात सगळे खूष. न्यूजग्रूप उघडायला गेलो तर जुन्या सर्व्हरचं उत्तर आलं, ५०२, तुम्हाला बोलायची परवानगी नाही, राम राम. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. मी आता दुसऱ्याच्या आवारातून दार ठोठावत होतो. नव्या कंपनीला फोन केला आणि न्यूज सर्व्हरचं नाव विचारलं, तर पलीकडच्या बाईंनी मला बातम्यांच्या चॅनलचे नंबर सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या माणसाकडे गेल्यावर सर्व्हरचं नाव मिळालं एकदाचं.

नाव मिळाल्यावर तरी सगळं पूर्ववत व्हावं? तेही नाही. याचं कारण तांत्रिक आहे, पण मजेदार आहे. लेखाचा जागतिक ओळखक्रमांक एकच असला तरी प्रत्येक सर्व्हर आपल्याकडे लेख ज्या क्रमाने आले त्या क्रमाने त्यांना स्वतःचे आकडे देतो. आणि तुम्ही कुठवर वाचलंत याची नोंद तुमचा प्रोग्रॅम त्या आकड्यांवरून ठेवतो. समजा, जुन्या सर्व्हरवर तुम्ही ४२१७ पर्यंत वाचलंय. नव्या सर्व्हरवर ४२१७ हा आकडा कदाचित दोन वर्षांपूर्वीच येऊन गेलेला असतो, किंवा अजून यायचा असतो. पहिल्या बाबतीत सगळा ग्रूप न वाचलेला म्हणून अंगावर येतो. दुसऱ्या बाबतीत नवं काहीच नाही असं दिसतं आणि तुम्हाला वाटतं कट्टा ओस पडलाय. दोन्हींवर उपाय एकच. जुनी नोंद पुसायची आणि पहिल्यापासून मांडामांड करायची.

याशिवाय प्रत्येक कंपनी कुठले ग्रूप ठेवायचे आणि जुने लेख किती दिवस ठेवायचे हे आपलं आपण ठरवणार. मराठी ग्रूप यादीत नसेल तर न्यूज सर्व्हर सांभाळणाऱ्याला विनंतीचं पत्र लिहायचं. तो भला असला तर दोन ओळी टाइप करून चालू करून देई. पण तो चालू होणार आजपासून. मागच्या आठवड्यात तुम्ही कुणाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर जुन्या सर्व्हरवरच राहिलं.

यातून वाट काढणारेही होते. कुणी जुन्या कंपनीचं स्वस्तातलं खातं केवळ न्यूजग्रूपसाठी चालू ठेवी. कुणी फक्त न्यूजग्रूपच पुरवणाऱ्या कंपन्यांना महिन्याचे पैसे देई. तिथे नाव-पासवर्ड असल्यामुळे तुम्ही कुठल्याही वायरीवरून आलात तरी चालायचं. माहितगार लोक बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीचा सर्व्हर वापरत. तो जगातल्या कुणालाही नाव नोंदवून फुकट मिळे, २००५ पासून वर्षाला दहा युरो झाले. आणि १९९५ पासून डेजा न्यूज नावाच्या संकेतस्थळावर जुने लेख शोधता येऊ लागले होते. फेब्रुवारी २००१ मध्ये ते गूगलने विकत घेतलं.

म्हणजे बिऱ्हाड बदललं तरी थोडी खटपट करून त्याच कट्ट्यावर परत जाता येत होतं. तीच माणसं, तेच वाद, तोच 'आलेलो'. दार नवं, कट्टा जुना. हे किती मोठं आहे ते आम्हाला तेव्हा कळलं नाही, कारण दुसरं काही असू शकतं हेच माहीत नव्हतं.

मग कंपन्यांनी ही दारं बुजवली का? कारणं एकावर एक साचत गेली. पहिलं कारण जाहिरातींचं, आणि त्यात आपल्या जिव्हाळ्याचा विषय आहे. १२ एप्रिल १९९४ ला ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील नवरा-बायकोने पाच हजारांहून अधिक ग्रूपवर एकच जाहिरात टाकली. कशाची? ग्रीन कार्डच्या लॉटरीचा अर्ज भरून देण्याची! त्या लॉटरीचा अर्ज पैसे न देता स्वतःच भरता येत होता, हा भाग वेगळा. जाळ्यावरच्या घाऊक जाहिरातबाजीची सुरुवात ज्या प्रसंगापासून मानतात तो हा.

दुसरं कारण आकारमानाचं. शब्दांना जागा फार लागत नाही. पण आल्टमध्ये बायनरी नावाचे ग्रूप होते. तिथे लोक चित्रं, गाणी आणि पुढे अख्खे सिनेमे अक्षरांत रूपांतर करून टाकू लागले. १९९६ च्या सुमारास सगळ्या ग्रूपचा मिळून दिवसाचा माल काही गिगाबाइट होता, २००८ पर्यंत तो काही टेराबाइटवर गेला. आणि गंमत लक्षात घ्या, प्रत्येक सर्व्हरवर प्रत ठेवायची हीच तर मूळ रचना. गरिबाच्या जाळ्याचं जे बळ होतं, त्यानेच आता घर भरून गेलं.

तिसरं कारण कायद्याचं. ब्रिटनमध्ये जानेवारी १९९७ मध्ये सॉक.कल्चर.थाई या ग्रूपवर लॉरेन्स गॉडफ्री या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाच्या नावाने कुणीतरी एक घाणेरडा बनावट लेख टाकला. त्यांनी डेमन इंटरनेट या कंपनीला तो काढायला सांगितलं, कंपनीने काढला नाही. १९९९ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सांगितलं, की कळवूनही प्रत ठेवलीत तर जबाबदारी टळत नाही. २००० साली कंपनीने १५,००० पौंड आणि त्याच्या कितीतरी पट दाव्याचा खर्च देऊन तडजोड केली. लेख त्यांच्या गिऱ्हाइकाने लिहिलेलाही नव्हता. अमेरिकेत बदनामीच्या बाबतीत कंपन्यांना १९९६ च्या कायद्याचं संरक्षण आहे, पण लेखनहक्काच्या बाबतीत ते नाही. विज्ञानकथाकार हार्लन एलिसन यांच्या कथा कुणीतरी आल्टमधल्या एका ग्रूपवर टाकल्या म्हणून त्यांनी २००० साली एओएलवर दावा लावला. त्या खटल्यात असं बाहेर आलं, की तक्रारीसाठीचा ई-मेल पत्ता एओएलने बदलला होता आणि जुन्या पत्त्यावर आलेली पत्रं कुणाकडेच जात नव्हती. पत्ता बदलल्यावर काय हरवतं, ते कंपन्यांनाही असं कळलं म्हणायचं! २००४ मध्ये तडजोड झाली. २००५ च्या सुरुवातीला एओएलने न्यूजग्रूप बंद केले.

शेवटचा घाव २००८ चा. न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल अँड्रू क्युओमो यांच्या तपासात ८८ ग्रूपवर मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं सापडली. ती हटवायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण जूनमध्ये कंपन्यांशी करार झाला तेव्हा टाइम वॉर्नर केबलने ८८ च्या जागी सगळेच ग्रूप बंद केले. स्प्रिंटने सगळं आल्ट काढलं. व्हेरायझनने जुने आठ मुख्य विभाग तेवढे ठेवले आणि सप्टेंबर २००९ मध्ये तेही गेले. एटी अँड टीने जुलै २००९ मध्ये, कॉक्सने जून २०१० मध्ये दुकान आवरलं. कंपन्यांना एवढी घाई का झाली हे हिशेब मांडला तर कळतं. खर्च वाढता, जोखीम वाढती, आणि ही सोय नाही म्हणून सोडून जाणारं गिऱ्हाईक हजारात एखादं. जे जाहिरातीत शेवटी होतं ते काढायला पहिलं. आणि २० मे २०१० ला ड्यूक विद्यापीठाने, जिथे हे सगळं सुरू झालं त्या विद्यापीठाने, आपला यूजनेट सर्व्हर बंद केला.

आता कुणी म्हणेल, गेलं ते गेलं, त्याहून चांगलं काही आलं ना? सोय म्हणाल तर आलीच. देवनागरी आली, फोटो आले, भारतातले नातेवाईक आले (ते सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवतात, असो). वायर बदलली तरी काही हरवत नाही. पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही मांडू. तेव्हा दार कंपनीचं होतं आणि कट्टा कुणाचाच नव्हता. आज दार कुठलंही चालतं, पण कट्टाच कंपनीचा असतो. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा तिथल्या मराठी मंडळींना दुसरी इंटरनेट कंपनी घेऊन आत जाता येणार नव्हतं. दुसरं दारच नव्हतं. २०२० मध्ये याहू ग्रूप्सचंही तेच झालं. न्यूज सर्व्हर बंद पडला की एक दार बंद व्हायचं, तिथे अख्खं गाव उठलं.

यूजनेट मात्र अजून आहे. गर्दी ओसरली आहे, पण यंत्रं अजून एकमेकांना विचारतात, माझ्याकडे हे आहे, तुझ्याकडे आहे का? गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून आपलं दार लावलं. जुनं वाचता येतं, नवं काही येत-जात नाही. त्या दारातूनच जाहिरातींचा पूर येत होता, त्यामुळे उरलेल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला म्हणतात. जायचं असेल तर कृती सोपी आहे. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम न्यूजग्रूपही वाचतो. इटर्नल सप्टेंबर नावाचा एक सर्व्हर आहे, तिथे नाव नोंदवलं की शब्दांचे ग्रूप फुकट मिळतात. बर्लिनवाला दहा युरोंचाही आहे. सर्व्हरचं नाव घालायचं, दाराचा क्रमांक साधा ११९ किंवा सुरक्षित ५६३, ग्रूपची यादी उतरवून घ्यायची आणि हवे ते निवडायचे. दोन्हींकडे नाव-पासवर्ड असल्यामुळे तुमच्या घराची वायर कुणाची याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. जी सोय पंधरा-वीस वर्षं आधी सगळीकडे असायला हवी होती ती आता आहे, फक्त माणसं पांगली.

राहता राहिले ते जुने लेख. सर्व्हरवर ते काही दिवसांनी पुसले जात. मग १९८० च्या दशकातलं काही आज वाचायला मिळतं ते कसं? टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर संगणक सांभाळत. त्यांनी १९८१ ते १९९१ या काळातले लेख पुसण्याआधी टेपांवर उतरवून ठेवले. अशा १४१ टेपा, त्यांत सुमारे वीस लाख लेख. कुणी सांगितलं नव्हतं, वरून आदेश नव्हता, प्राण्यांशी तर त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे इतरांनी खटपट करून त्या वाचल्या, आणि डिसेंबर २००१ मध्ये गूगलने त्या आपल्या संग्रहात घेतल्या. ऑगस्ट १९९१ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबची माहिती दिली ती आल्ट.हायपरटेक्स्टवर, आणि त्याच महिन्यात लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची पहिली वार्ता दिली ती कॉम्प.ओएस.मिनिक्सवर. हे लेख आज पुराव्यानिशी वाचता येतात ते कुणीतरी न विचारता प्रत ठेवली म्हणून.

आपल्या 'आलेलो'च्या भांडणाला तेवढं महत्त्व नाही, मान्य. पण परदेशात एकट्या पडलेल्या पहिल्या संगणकवाल्या पिढीने आपापसात मराठीत काय बोललं, काय विचारलं, कशावरून भांडली, हे त्या ग्रूपखेरीज फारसं कुठे लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर त्या काळच्या फ्लॉप्या, छापून ठेवलेले कागद किंवा जुनी हार्ड डिस्क पडली असेल तर पुढचं बिऱ्हाड बदलताना ती कचऱ्यात टाकू नका. आधी नक्कल करून ठेवा, आणि एक प्रत शेजाऱ्याला द्या.